बांधावर फुलपाखरांसाठी देशी वनस्पती: काय लावावे, कुठे लावावे आणि कुठे टाळावे

बांधावरची रुई अळ्यांनी खाल्लेली दिसली की ती उपटून टाकावी का, असा प्रश्न शिवारफेरीत हमखास येतो. अळी म्हणजे नुकसान, हे आपल्या मनात पक्के बसले आहे आणि पिकाच्या बाबतीत ते चुकीचेही नाही. पण रुईवर दिसणारी काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी तुमच्या कपाशीवर, तुरीवर किंवा सोयाबीनवर जात नाही. ती रुईच्याच कुळातील वनस्पतींवर वाढते आणि पुढे तिचे तांबूस-केशरी फुलपाखरू होते. म्हणजे त्या अळीसाठी रुई उपटून पीक वाचत नाही, फक्त फुलपाखरू जाते.

याच्या उलटही घडते. फुलपाखरांची आवड म्हणून लिंबाच्या रोपवाटिकेशेजारी कढीपत्ता आणि बेल लावला, तर लिंबाच्या कोवळ्या पालवीवर अळ्या येण्याची शक्यता वाढते. म्हणून बांधावर फुलपाखरांसाठी काही करायचे असेल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, कोणत्या वनस्पतीवर कोणते फुलपाखरू वाढते. दुसरी, तुमच्या पिकाशेजारी त्यातले काय नको. या लेखात दोन्ही क्रमाने पाहू.

फुलाआधी पान महत्त्वाचे

फुलपाखरांसाठी बाग म्हटले की आपण रंगीत फुलझाडे आणतो. फुलावर फुलपाखरू येते, मकरंद पिते आणि निघून जाते. तिथे त्याची पुढची पिढी तयार होत नाही. त्यासाठी मादीला अंडी घालण्याजोगे पान लागते आणि हे पान ठरलेले असते. मादी पानावर बसून पायांनी त्याची चव घेते. योग्य वनस्पती असेल तरच अंडे घालते, कारण अंड्यातून निघालेली अळी भलते पान खाऊन जगू शकत नाही. अशा वनस्पतीला खाद्यवनस्पती म्हणतात.

अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू या चारही अवस्था अनेक सामान्य जातींमध्ये पावसाळ्यात साधारण महिनाभरात पूर्ण होतात. या काळात खाद्यवनस्पती कापली, जाळली किंवा तिच्यावर फवारणी झाली तर ती पिढी तिथेच संपते. खाद्यवनस्पतींची पाने खाल्ली जाणे हे बांध नीट काम करत असल्याचे लक्षण आहे. रुई, तरवड, बोर यांसारखी झाडे खाल्लेली पाने पुन्हा फुटवून भरून काढतात.

आधी ओळखा: फुलपाखरू की पतंग?

आपल्या पिकांचे मोठे नुकसान करणाऱ्या बहुतेक अळ्या पतंगांच्या आहेत. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी, तूर आणि हरभऱ्यावरील घाटे अळी, मक्यावरील लष्करी अळी, सोयाबीनवरील तंबाखूची पाने खाणारी अळी, भातावरील खोडकिडा आणि कोबीवरील चौकोनी ठिपक्यांचा पतंग ही सगळी पतंगांची कुळे. त्यांतील बऱ्याच किडींना अनेक पिके चालतात, म्हणून त्या वेगाने पसरतात.

फुलपाखरू दिवसा उडते. बसल्यावर बहुधा पंख पाठीवर मिटून उभे धरते आणि त्याच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंग बहुतेक रात्री उडतो, पंख पसरून किंवा कौलासारखे अंगावर टाकून बसतो आणि त्याच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. याला अपवाद आहेत, पण शेतात पहिली ओळख पटवायला एवढे पुरते.

मात्र काही मोजकी फुलपाखरेही पिकांवर कीड म्हणून येतात, हे लपवून उपयोग नाही. लिंबूवर्गीय झाडांवरील लिंबू फुलपाखरू, डाळिंबाचे फळ पोखरणारी अळी, तुरीसारख्या कडधान्यांच्या कळ्या आणि शेंगांवर येणारे छोटे निळे फुलपाखरू आणि भाताची पाने गुंडाळून खाणारी स्किपर गटातील फुलपाखरे ही त्यातली ठळक नावे. त्यांच्याबद्दल पुढे स्वतंत्र सांगितले आहे.

बांधावरच्या देशी खाद्यवनस्पती

खालील बहुतेक वनस्पती तुमच्या शिवारात आजही असतील. काही तर आपण तण म्हणून काढतो.

१. रुई: मारुतीला शनिवारी जिच्या पानांचा हार घालतात, तीच ही. हिच्यावर प्लेन टायगर म्हणजेच बिबळ्या कडवा वाढतो. रुईच्या चिकातील विषारी घटक अळी अंगात साठवते, त्यामुळे फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याला टाळतात. रुईवर बरेचदा पिवळा मावा दिसतो. तो मुख्यतः रुई-कण्हेरीच्या कुळावर जगतो. तो कपाशीवर उतरेल या भीतीने रुई तोडू नये. उलट हा मावा खायला ढालकिडे येतात आणि ते पुढे पिकातील मावाही खातात.

२. घोळ: आपण हिची भाजी करतो. हिच्यावर डॅनेड एगफ्लाय वाढते. याचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा असतो, तर मादी थेट बिबळ्या कडव्यासारखी तांबूस दिसते. बेचव फुलपाखराचे सोंग घेतल्याने पक्षी तिलाही सोडून देतात. म्हणजे रुई टिकली, कडवा टिकला, तरच घोळीवरच्या या मादीचे सोंग उपयोगी पडते. बांधावरची दोन साधी झाडे अशी एकमेकांशी जोडलेली आहेत.

३. तरवड, टाकळा आणि बहावा: या तिघांवर पांढरट-पिवळसर इमिग्रंट फुलपाखरे वाढतात. टाकळ्यावर ग्रास यलो हे छोटे पिवळे फुलपाखरूही अंडी घालते. कमी पावसाच्या, मुरमाड बांधासाठी तरवडासारखे झुडूप नाही. जनावरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत आणि मुळे माती धरून ठेवतात.

४. वाघाटी: आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला जिच्या फळांची भाजी करतात, ती ही काटेरी वेल. पायोनियर, कॉमन गल आणि ग्रेट ऑरेंज टिप ही फुलपाखरे हिच्या कुळावर अवलंबून आहेत. काटेरी कुंपणावर ही वेल चढवली तर कुंपण मजबूत होते आणि फळेही मिळतात.

५. बोर आणि बाभूळ: बोरीवर कॉमन पिअरो हे काळ्या ठिपक्यांचे पांढरे चिमुकले फुलपाखरू वाढते, बाभळीवर बाभूळ ब्लू. दोन्ही झाडे बांधावर आधीपासून असतील तर ती राखावीत.

६. कोरांटी आणि कोळसुंदा: कोरांटीवर पॅन्सी गटातील फुलपाखरे येतात. पाटाच्या कडेला, पाणथळ जागी वाढणाऱ्या काटेरी कोळसुंद्यावर मोराच्या डोळ्यासारखे ठिपके असलेली पीकॉक पॅन्सी वाढते.

७. अनंतमूळ, वड आणि उंबर: यांवर कॉमन क्रो हे गडद तपकिरी फुलपाखरू वाढते. त्याचा चांदीसारखा चकाकणारा कोष पानाखाली लटकलेला सहज ओळखू येतो.

८. सापसंद: कोकण आणि घाटमाथ्यालगत कुंपणात आढळणारी ही वेल कॉमन रोज, क्रिमझन रोज आणि सदर्न बर्डविंग या फुलपाखरांचा आधार आहे. सदर्न बर्डविंग हे भारतातील सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एक. ही वेल विषारी आहे. कोणत्याही घरगुती औषधात पोटात घेऊ नये, मूत्रपिंडांना गंभीर इजा होते.

९. माकडलिंबू: सह्याद्रीच्या पट्ट्यातील हे काटेरी झुडूप ब्लू मॉरमॉनची खाद्यवनस्पती आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. मराठीत त्याला राणी पाकोळी म्हणतात.

१०. बांधावरचे गवत: ब्राऊन आणि स्किपर गटातील अनेक फुलपाखरांच्या अळ्या गवतच खातात. त्यामुळे बांध पूर्ण खरवडून काढू नये.

मकरंदासाठी काय?

मोठ्या फुलपाखरांना मकरंद लागतोच. कोरांटी, भुरुंडी, सहदेवी, निर्गुडी आणि बोरीचा फुलोरा यासाठी चांगला. जास्त पावसाच्या भागात दिंडा आणि भूतकेस घ्यावेत. दिंड्याच्या फुलोऱ्यावर पावसाळ्यात फुलपाखरांची गर्दी असते. फुलण्याचे हंगाम वेगवेगळे निवडले तर वर्षातील बराच काळ बांधावर काही ना काही फुललेले राहते.

घाणेरीवर फुलपाखरे भरपूर बसतात, हे खरे. तरीही ती लावू नये. ती अमेरिका खंडातून आलेली आक्रमक वनस्पती आहे. गवत आणि देशी झुडपे दाबून टाकते आणि जनावरांच्या खाण्यात आल्यास विषबाधा होते. रोपवाटिकेत मिळणारे लाल-पिवळ्या फुलांचे हळदी-कुंकूही बाहेरचे आहे. शिवारात रुई असताना ते विकत आणण्याची गरज नाही.

हिरवळीच्या खतासाठी ताग घेत असाल तर एक गोष्ट पाहा. ताग कापल्यावर सुकणाऱ्या काड्यांवर टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर जमतात. ते पीक खात नसतात. मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारे द्रव्य ते त्या काड्यांतून शोषून घेतात. ओल्या मातीवर किंवा गोठ्याच्या सांडपाण्यावर बसलेला थवाही क्षार घेण्यासाठी आलेला असतो. दोन्ही ठिकाणी फवारणीची गरज नाही.

कोणत्या पिकाशेजारी काय टाळावे?

संत्रा, मोसंबी, लिंबू: बागेलगत आणि विशेषतः रोपवाटिकेजवळ बेल, कढीपत्ता आणि बावची नव्याने लावू नये. या तिन्हींवर लिंबू फुलपाखरू वाढते. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मोठ्या झाडाला थोड्या अळ्यांनी फरक पडत नाही. रोपे आणि नवी पालवी मात्र जपावी लागते. रोपवाटिकेत अळ्या हाताने वेचणे सर्वांत सोपे.

डाळिंब: फळ पोखरणारी अळी ही फुलपाखराचीच अळी आहे. मादी फुलावर आणि कोवळ्या फळावर अंडी घालते. ही कीड पेरू, चिंच, आवळा आणि बोर यांच्या फळांवरही जगते. म्हणून डाळिंबाच्या बांधावर ही झाडे नव्याने लावू नयेत. छिद्र पडलेली फळे गोळा करून नष्ट करावीत. इथे तरवड, रुई, कोरांटी आणि निर्गुडी पुरेशी आहेत.

कपाशी आणि भेंडी: पेटारी, रानभेंडी यांसारखी भेंडीच्या कुळातील तणे आणि गाजरगवत बांधावर ठेवू नये. पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि ठिपक्यांची बोंडअळी यांतील काही किडी त्यांवर टिकून राहतात. गाजरगवत देशीही नाही.

तूर आणि इतर कडधान्ये: बांधावर खुळखुळा वाढू देऊ नये, कारण शेंगांवरील किडींना तो आसरा देऊ शकतो. शिवाय खुळखुळा जनावरांना विषारी आहे.

भात: पाने गुंडाळणारी स्किपरची अळी बहुधा कमी प्रमाणात असते. रोपांची काळजी घेतली आणि नत्राचा अतिरेक टाळला तर तिच्यासाठी वेगळी फवारणी सहसा लागत नाही.

लागवड कशी करावी?

जागा: सलग मोठा बांध लागत नाही. तीस-चाळीस मीटरचा तुकडाही चालतो. ऊन मिळणारी आणि वाऱ्यापासून थोडा आडोसा असलेली जागा निवडावी. सामाईक बांध असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे. सावली आणि मुळे यांवरून पुढे होणारी कुरबूर त्यामुळे टळते. वड, उंबर, बहावा यांसारखी मोठी झाडे पिकाच्या बांधावर लावू नयेत. पडीक कोपरा, ओढ्याचा काठ किंवा गावठाणाची जागा त्यांना योग्य.

रोपे आणि बी:
• तरवड आणि बहावा यांच्या बियांचे कवच कठीण असते. बी खडबडीत पृष्ठभागावर हलके घासून रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे.
• रुई बियांपासून सहज येते. शेंग तडकण्याआधी काढून बी सावलीत सुकवावे. हाताळताना चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.
• कोरांटी आणि निर्गुडी यांची छाट कलमे पावसाळ्यात लागतात.
• वाघाटीचे बी पिकलेल्या फळातून काढून ताजेच पेरावे.
• घोळ, टाकळा, सहदेवी यांची लागवड करावी लागत नाही. बांधावर हातभर पट्टा न खुरपता ठेवला की ती येतात. पिकाकडच्या बाजूची रोपे बी धरण्याआधी काढावीत, म्हणजे तण शेतात पसरत नाही.

वेळ आणि अंतर: चांगला पाऊस होऊन माती खोलवर ओली झाल्यावर लागवड करावी. झुडपांसाठी एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. तरवड आणि कोरांटी तीन फुटांवर, रुई पाच ते सहा फुटांवर ठेवावी. एकाच जातीची तीन-चार झाडे एकत्र लावावीत. एकट्या झाडाची पाने अळ्या संपवून टाकतात आणि उरलेल्या अळ्या उपाशी मरतात. पहिल्या उन्हाळ्यात आच्छादन करून अधूनमधून पाणी द्यावे. पुढे यांना फारसे काही लागत नाही.

फवारणी, तणनाशक आणि जाळणे

बांधावर झाडे लावली आणि फवाऱ्याचा झोत त्याच बांधावर गेला, तर फुलपाखरे अंडी घालतील आणि अळ्या मरतील. वाऱ्याची दिशा बांधाकडे असेल तर त्या बाजूच्या ओळी वारा पडेपर्यंत सोडून ठेवाव्यात. फवारणी फक्त आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावर करावी.

सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य कीटकनाशक माणसाला सुरक्षित असले तरी फुलपाखरांच्या अळ्याही मारते. निंबोळी अर्काचाही त्यांच्यावर परिणाम होतो. ही औषधे पिकावर वापरावीत, बांधावर नाही.

खरे नुकसान मात्र फवारणीपेक्षा बांध साफ करण्याच्या सवयीने जास्त होते. तणनाशकाने पिवळा पडलेला किंवा मार्च-एप्रिलमध्ये जाळलेला बांध स्वच्छ दिसतो, पण त्यात वाळल्या गवताला चिकटलेले कोष, घोळीचे बी, अनंतमुळाचे कंद आणि ढालकिड्यांचा आसरा सगळे एकदम जाते. पुढच्या पावसात त्या मोकळ्या जागी बहुधा गाजरगवतच आधी उगवते. बांध साफ करायचाच असेल तर विळ्याने कापावा. एका वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. कापलेले गवत दोन-तीन दिवस तिथेच पडू द्यावे, म्हणजे अळ्यांना शेजारच्या झाडावर सरकता येते.

यातून काय मिळेल, काय नाही?

फुलपाखरांमुळे उत्पादन अमुक पट वाढते, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. कांदा बीजोत्पादन, काकडीवर्गीय पिके, सूर्यफूल यांच्या परागीभवनात मोठा वाटा मधमाश्यांचा असतो. फुलपाखरे परागकण नेतात, पण कमी. मात्र जो बांध फुलपाखरांना सांभाळतो तोच मधमाश्या, परोपजीवी गांधीलमाश्या, ढालकिडे आणि पक्षी यांनाही सांभाळतो. माती धरून ठेवतो, कुंपण देतो, वाघाटी आणि घोळीची भाजी देतो. शिवाय फुलपाखरे डोळ्यांना दिसतात. ती कमी झाली तर शिवारात विषारी फवारणी वाढली किंवा झुडपे गेली, हे कोणत्याही यंत्राशिवाय लक्षात येते.

कृषी सहायक आणि शेतीशाळा घेणाऱ्यांसाठी

ऊन पडल्यावर, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, ठरलेल्या बांधावरून पंधरा मिनिटे सावकाश चाला. तीन गोष्टी लिहा: कोणत्या वनस्पतीवर अळी किंवा कोष दिसला, किती फुलपाखरे दिसली आणि गेल्या पंधरवड्यात शेजारच्या पिकावर कोणती फवारणी झाली. महिन्यातून दोनदा ही नोंद ठेवली तर एका हंगामात चित्र स्पष्ट होते. शेतकऱ्यांना अळी दाखवताना ती कोणत्या झाडावर आहे हे आधी विचारा. झाड ओळखले की अळी ओळखणे निम्मे सोपे होते. फुलपाखरे पकडून जमा करू नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अनेक जातींना कायदेशीर संरक्षण आहे.

या हंगामात काय कराल?

नवीन रोप आणण्याआधी बांधावरून एक फेरी मारा आणि आधीच असलेली रुई, तरवड, बोर, वाघाटी, कोरांटी यांची यादी करा. बहुतेक ठिकाणी निम्मे काम तिथेच झालेले असते. ती झाडे राखा. तुमच्या पिकाला अडचणीची असतील तेवढी वगळा आणि उरलेल्या मोकळ्या जागी दोन-तीन जाती लावा. पाने खाल्लेली दिसली तर फवाऱ्याचा पंप उचलण्याआधी झाड कोणते आहे ते पाहा. रुई किंवा तरवड असेल तर पंप खाली ठेवा. लिंबाचे रोप असेल तर अळी वेचा.